ब्रेकवरचा पाय

माझ्या ऑनलाइन सेंटरात तीन कॉम्प्युटर आहेत. तिसऱ्या टेबलाखाली पाय ठेवायला जी लोखंडी पट्टी वेल्डिंग केलेली आहे, ती उजव्या बाजूला चांगली बोटभर वाकलेली आहे. पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेला एखादा चौकस माणूस खाली वाकून बघतो आणि विचारतो, “मॅडम, ह्याच्यावर काय पडलं होतं?” मी म्हणते, काही पडलं नव्हतं, आमचे मामा ब्रेक दाबायचे. एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही हे मला कळतं. पण मागे रांग असते, सर्व्हर जरा कुठे चालू झालेला असतो, आणि उत्तममामा काही उभ्या उभ्या सांगून होण्यासारखे नव्हते. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. म्हणून आज बसून सांगते.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. मानवतच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर. त्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं सेंटर, आणि मागच्या दोन खोल्यांत मामा आणि वत्सलामामी. मधलं दार दिवसभर उघडं असायचं आणि त्या दारातून मामा केव्हाही प्रकट व्हायचे. उंच, हडकुळे, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट. आल्यावर आधी बोलायचे नाहीत, हात करायचे.

ह्या हातांचं सांगायला हवं. मामांनी तीस वर्षं यारी चालवली. यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभा करतात तो लोखंडी सांगाडा. त्यावर डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला मोठं टोपलं. त्या टोपल्यातून दगडमाती वर येते आणि माणसं खालीवर होतात. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून यारीवरची माणसं हातांनी बोलतात. पालथा हात खाली थोपटला की हळू सोड. मूठ मिटली की थांब. बोट वर करून फिरवलं की घे वर. यारी विकून दहा वर्षं झाली तरी मामांचं निम्मं बोलणं असंच चालायचं. मी फोनवर कुणाशी तावातावानं बोलायला लागले की मधल्या दारात एक पालथा हात थोपटताना दिसायचा. महिनाभरात मलाही ते सगळं यायला लागलं. गल्लीतून डीजेची वरात जायची तेव्हा सगळ्या दुकानदारांचे व्यवहार बंद पडायचे. आमचं दोघांचं बिनघोर चालू असायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा उजवा पाय. तो कधी मोकळा नसे. यारीवाल्याचा उजवा पाय ब्रेकवर असतो; माणूस दोरावर असेपर्यंत तो उचलायचा नाही. मामा जेवायला बसले तरी डावा पाय दुमडलेला आणि उजवा तळवा जमिनीला घट्ट टेकवलेला. मांडी घालून बसलेले मामा मी पाहिलेच नव्हते. बुद्धविहारात वंदनेला सगळे मांडी घालून बसायचे, मामा मागं भिंतीपाशी एक गुडघा उभा करून. मामी म्हणायच्या, “झोपतेत तव्हाबी टाच गादीत रुतलेली ऱ्हाती. दोन गाद्या फाडल्या ह्यांनी.” मला वाटायचं, तीस वर्षांची सवय आहे, जाता जात नसेल.

आणि त्यांचा एक मंत्र होता: आधी रिकामं, मंग मानूस. नव्या दोरावर पहिल्यांदा माणूस सोडायचा नाही, रिकामं टोपलं सोडायचं. हा नियम मामा जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावत. मी सेंटरात कागद ठेवायला पोटमाळा करून घेतला तेव्हा त्यांनी मला शिडीला हात लावू दिला नाही. ज्वारीची दोन पोती वर चढवली आणि दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी पोती उतरवली आणि मला हात केला, की जा आता. मी म्हटलं, “मामा, माझं वजन काय दोन पोत्यांएवढं आहे का?” मामांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “न्हाई. पर पोतं हालत न्हाई. तू हालतीस.”

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी अर्धी गल्ली माझ्या सेंटरात होती. उतरल्याबरोबर टाळ्या पडल्या, शेजारच्या किराणावाल्यानं पेढे वाटले. एकट्या मामांनी टाळी वाजवली नाही. गर्दी पांगल्यावर त्यांनी विचारलं, “वर कव्हा येनार ते?”

मी सांगितलं, ते परत येणार नाही, तिथंच राहणार.

“आत मानूस न्हाई ना?”

“नाही.”

“मंग ठीक हाय. आधी रिकामंच सोडावं.” आणि मग त्यांनी पेढा खाल्ला.

त्या संध्याकाळचं वेड माझ्या डोक्यातून जाईना. अंतराळयानं चालवायचा एक खेळ मिळतो असं मी ऐकलं होतं. खेळ म्हणजे नुसती फटाफट बटणं दाबणं नव्हे. रॉकेट आपण जोडायचं, इंधन आपण भरायचं, चंद्राभोवती फिरत ठेवायचं आणि स्वतःच्या हातानं उतरवायचं. मी तो तिसऱ्या कॉम्प्युटरवर घेतला. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात जमेल असं मला वाटलं. मी बी.एस्सी. आहे, हे मी तोवर स्वतःला अधूनमधून सांगत असे. पंधरा दिवसांत मी चंद्रावर अकरा खड्डे पाडले.

बाराव्या वेळी मामा माझ्या मागे उभे होते. मामीच्या आधारकार्डाचं काहीतरी करायचं होतं आणि सर्व्हर बंद होता. पडद्यावर माझं यान खाली येत होतं. मामा पाठीमागून शांतपणे म्हणाले, “दोर लय सोडायलीस, माय.”

“मामा, इथं दोर नसतो.”

“दिसत न्हाई, पर हाय की. सोडायलीस ना तू खाली? मंग दोरच म्हनायचा.” यान आपटलं. मामांनी विचारलं, “आत कोन होतं?”

आत खेळातला एक छोटा वैमानिक होता, हिरव्या टोपीचा. मी म्हटलं, असतो एक. मामांचा चेहरा उतरला. “मानूस घालून शिकायलीस व्हय?” म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन वाजता ते आले, मला हातानंच उठवलं आणि खुर्चीवर बसले. उजवा पाय टेबलाखालच्या पट्टीवर गेला तो तेव्हा पहिल्यांदा.

मामांना कीबोर्डवरची सहा बटणं शिकवायला मला चार दिवस लागले. नंतर जे झालं ते बघून मात्र मी तोंडात बोट घातलं. तीस वर्षं न दिसणाऱ्या तळाला टोपलं टेकवलेला माणूस तो. यारीवाल्याला विहिरीचा तळ दिसत नाही. काठावर एक माणूस उभा असतो, तो आत बघतो आणि हात करतो. शिवाय दोराला खुणेच्या चिंध्या बांधलेल्या असतात, शेवटच्या तीन लाल. मामांनी मामीच्या लाल टिकल्या आणल्या आणि पडद्यावर उंचीचा काटा होता त्याच्या कडेनं तीन ठिकाणी चिकटवल्या. काटा पहिल्या टिकलीवर आला की एवढा वेग, दुसरीवर एवढा, तिसरीवर माणूस चालतो तेवढा. आकडे मी वाचायचे. “यारीवाल्यानं आकडा बघायचा न्हाई,” मामांनी बजावलं, “काठावरच्याचं ऐकायचं.” म्हणजे पैसे माझे, कॉम्प्युटर माझा आणि मी काठावरची. एकदा मी घाबरून “मामा, आपटतंय” असं ओरडले. त्यांनी काम थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “काठावरच्या मानसानं आवाज चढवायचा न्हाई. खालचा भेतो.”

रिकामी यानं त्यांनी पाच उतरवली. पाचही नीट उतरल्यावर म्हणाले, आता मानूस. वैमानिकाला नाव द्यायची सोय होती. मी विचारलं, काय लिहू? मामांनी विचारही केला नाही. “दगडू लिही. खाली उतरनारा दगडूच असतो.”

दगडू त्यांच्या यारीवरचा तळातला माणूस होता, एवढं मला त्या वेळी कळलं.

दगडूला घेऊन मामा चंद्रावर उतरले ते मी जन्मात विसरणार नाही. काटा तिसऱ्या टिकलीवर आला आणि मामांनी यान जवळजवळ थांबवलं. मग तसूतसूनं खाली घेतलं. यान टेकलं तेव्हा धूळसुद्धा धड उडाली नाही. मी टाळ्या वाजवल्या, मामी आतून बघायला आल्या. मामांनी बोट वर करून फिरवलं: घे वर. आणि मी इंधनाच्या काट्याकडे बघितलं. तो शून्यावर होता.

चूक माझ्या ध्यानात यायला हवी होती. यारीवर हळू उतरवायला काही खर्च पडत नाही. माणूस ब्रेकवर तासभर लोंबकळत ठेवला तरी दोर संपत नाही. इथं मात्र यान आगीच्या जोरावर तोललेलं असतं. जितका वेळ तोलाल तितकं इंधन जळतं. रिकामी यानं परत आणायचीच नव्हती, म्हणून तिकडं आमचं लक्षच गेलं नाही. यारीवाला सोडून ही चूक कुणाच्या हातून झाली नसती. मामांइतकं हळू कुणी उतरलंच नसतं.

मी म्हटलं, “मामा, काही बिघडलं नाही. खेळात सोय असते. उतरायच्या आधीची जागा साठवलेली आहे, तिथं परत जाऊ.”

“म्हंजे झालं ते झालंच न्हाई, असं म्हनायचं?”

“हो.”

“आन दगडूला काय सांगायचं?”

मी हसले. मामा हसले नाहीत. उजवा पाय पट्टीवर रोवलेला होता आणि पडद्यावर हिरव्या टोपीचा दगडू आपल्या यानाशेजारी उभा होता. मग मामांनी सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

झरीच्या पुढं एका गावात विहिरीचं काम होतं. दहा परस खोल गेली होती, म्हणजे दहा पुरुष एकावर एक उभे राहतील एवढी, आणि तळाला काळा दगड लागला होता. दगडू तळात सुरुंग भरायचा, वाती पेटवायचा आणि टोपल्यात बसून बोट फिरवायचा. काठावरचा तोच हात मामांना करायचा आणि मामा दगडूला वर घ्यायचे. खाली भरायचं काम तासभर चाले, तेवढा वेळ मामा डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवत. सगळेच ठेवत. वाती पेटायच्या आधी चालू करायचं. त्या दिवशी हँडल मारलं तर इंजिन लागेना. खाली इशारा पोचायच्या आत वाती पेटल्या होत्या. तिसऱ्या हँडलला लागलं. टोपलं निम्म्यात आलं आणि बार उडाला.

“मेला न्हाई,” मामा म्हणाले. “कमर गेली, दोन्ही कान गेले. जीपमधी घालून परभनीला नेलं. मला कुनी उठवलं ते म्हाईत न्हाई. पाय ब्रेकवरच होता. दोघातिघांनी धरून काढला म्हनतेत.” मग म्हणाले, “तव्हा डिझेल वाचवलं, आता उडवलं. दोन्ही टायमाला खाली दगडूच.”

मी विचारलं, नंतर भेटलात का? मामांनी मूठ मिटली. थांब.

अकरा वर्षांत ते दगडूच्या घरी, झरीकडं, एकदाही गेले नव्हते, हे मला मामींनी सांगितलं. दगडूकडून दोनदा निरोप आला होता. मामा पिशवी घेऊन निघायचे, स्टँडवर गाडी लागायची, आणि गाडी निघून गेली की घरी यायचे. “काय तोंडानं जाऊ म्हनतेत,” मामी म्हणाल्या. “जानाऱ्याला तोंड लागतं का, पाय लागतेत. आन ह्यांचा पाय तर असा.”

त्या दिवसापासून मामांनी माझ्या सेंटरातला चार वाजताचा चहा बंद केला. माणूस खाली असताना यारीवाला जागेवर काही खात-पीत नाही, हा नियम. मी परोपरीनं समजावलं, की खेळ बंद केला की तिथली वेळ थांबते. दगडूला तिथं एक मिनिटही जास्त झालेलं नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याला म्हाईत हाय का ते?” मामी मात्र माझ्यावर चिडल्या. चहाचा एक कप परत न्यायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं फार झालं. “अकरा वर्सं झरीला जायाचं नाव न्हाई,” त्या मला म्हणाल्या, “आन तुज्यापायी चंद्रावरनं मानूस काढायलेत.”

दगडूला आणायचं तर एका यानानं भागत नव्हतं. खाली उतरून, वर येऊन, पुन्हा पृथ्वी गाठायची एवढं इंधन आमच्या रॉकेटला पेलवत नव्हतं. म्हणून दोन यानं हवी होती. एक चंद्राभोवती घिरट्या घालत राहणार, दुसरं खाली जाऊन दगडूला घेऊन वर येणार आणि फिरत्या यानाला जाऊन चिकटणार. ह्या चिकटण्याला डॉकिंग म्हणतात. उतरण्याचं काम मामांच्या हाडात होतं. डॉकिंगनं त्यांना रडकुंडीला आणलं.

सराव पृथ्वीभोवतीच चालला होता, दोन्ही यानं रिकामी. पुढचं यान दूरवर ठिपक्याएवढं दिसायचं. मामा जोर लावायचे, की गाठावं. जोर लावला की आपलं यान आणखी वर चढायचं, तिथला फेरा मोठा, आणि पुढचं यान आणखीच पुढं निघून जायचं. मामा पुन्हा जोर लावायचे. “ह्यो खेळ उलटा हाय,” म्हणायचे. मी गणित मांडून दाखवलं, वहीत वर्तुळं काढली. चार दिवस मामा वर्तुळांकडे मान हलवत बघायचे आणि पुन्हा जोर लावायचे. पाचव्या दिवशी मामी दारात गहू निवडत बसल्या होत्या. आमचं भांडण ऐकून त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “खळ्यात तिवड्याजवळच्या बैलाला फेरा कमी पडतो, तसं हाय का काय ते?”

मळणीच्या खळ्यात मधोमध खांब असतो तो तिवडा. मामा मामींकडे बघतच राहिले. “म्हंजे मागं ओढायचं,” सावकाश म्हणाले, “आत घ्यायचं, तिवड्याजवळनं जायाचं, आन मंग भाईर यायाचं.” त्यांनी जोर लावायच्या ऐवजी वेग कमी केला. यान खाली आलं आणि लहान फेऱ्यावर भराभर पुढं सरकू लागलं. तासाभरात ठिपक्याचं यान झालं. मामींनी एवढ्या वेळात गहू निवडून संपवले होते आणि आपण काय केलं ह्याचा त्यांना गंधही नव्हता.

गाठल्यावर चिकटवायचं राहिलंच. पहिल्यांदा धडकलो ते दोन्ही यानं भिंगरीसारखी फिरत लांब गेली. मामांनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. “दोन टोपले गेले,” म्हणाले. “मानूस न्हाई गेला.” मग पुन्हा बसले. पुरते दोन महिने असे गेले. दाबून काही होत नाही हे त्यांना हळूहळू कळलं. तोंडासमोर तोंड आणायचं, सरकणं जवळजवळ बंद करायचं आणि हात काढून घ्यायचा. शेवटच्या वितीला यानाचं चुंबक स्वतःच ओढून घेतं. आठ वेळा सलग जमल्यावर मामांनी मला हात केला: घे वर.

ज्या दिवशी आम्ही दगडूला आणायला गेलो त्या दिवशी सकाळपासून सर्व्हर बंद होता, त्यामुळे सेंटरात चिटपाखरू नव्हतं. मामांनी रिकामं यान उतरवलं. ह्या वेळी तोलत बसले नाहीत. शेवटच्या टिकलीपर्यंत पडू दिलं आणि मग एकदम धरलं. मी आकडे वाचत राहिले, आवाज चढवला नाही. यान दगडूपासून दोन किलोमीटरवर टेकलं. तेवढं अंतर दगडूला चालवत आणायचं होतं. खेळात वेळ पळवायचं बटण असतं, मी ते दाखवलं. मामांनी नको म्हटलं. एक बटण दाबून धरून ते अर्धा तास दगडूला चालवत होते, मध्ये दोनदा थांबवला. मी विचारलं, का? म्हणाले, “कमर दुखत असंल.”

दगडू चढला, यान उडालं आणि फिरत्या यानाच्या मागं लागलं. चाळीस मीटरवर असताना लाइट गेली.

इन्व्हर्टरवर पाऊण तास निघतो. मी म्हटलं, “मामा, इथं साठवून ठेवते, मशीन बंद करू. लाइट आली की पुढचं.” मामांनी मान वळवली नाही. “मानूस दोरावर हाय,” म्हणाले. “इंजन बंद करायचं न्हाई. पंखा बंद कर, बाकीचे दोन बंद कर, ह्ये चालू ठेव.” मी सगळं बंद केलं. घामानं मामांचा खाकी शर्ट पाठीला चिकटला होता. मी आकडे वाचत होते, शक्य तितक्या सपाट आवाजात. तीस. वीस. बारा. सहा. टेबलाखालची पट्टी करकरली ती तेव्हा. तीन. एक. मामांनी हात काढून घेतले. खट्ट असा बारीक आवाज झाला आणि दोन यानांचं एक झालं.

पृथ्वीच्या समुद्रात हवाईछत्रीखाली दगडू पडला तेव्हा लाइट आलेली होती आणि मी चक्क रडत होते. मामा तसेच बसलेले. पाय पट्टीवर. मला वाटलं, थकले असतील. मग आठवलं. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं, की शेवटचा माणूस वर आला की तो यारीच्या खांबावर दोन थापा मारतो. त्या ऐकल्याशिवाय यारीवाला ब्रेकवरचा पाय काढत नाही. मी पुढं होऊन टेबलावर दोन थापा मारल्या.

मामांनी माझ्याकडे मायेनं बघितलं. “तू न्हाई, माय. तू काठावरची.”

मी चहा आणू का विचारलं. त्यांनी मूठ मिटली.

विहिरीवर बार उडाला त्या दिवशी दगडूला बेशुद्धच जीपमध्ये घातला होता. थापा मारायच्या राहूनच गेल्या होत्या. एवढं सोपं मला कळायला तो दिवस उजाडावा लागला. दोन दिवसांनी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, “रविवारी बंद असतं ना तुजं? झरीकडं जायाचंय. काठावर कुनी पाहिजे.” मी पडद्यावरच्या चित्राचे दोन रंगीत प्रिंट काढले, एक चंद्रावरचं, एक समुद्रातलं, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘दगडू’ असं टाइप केलं.

परभणीला गाडी बदलून आम्ही गेलो. गाडी लागली तेव्हा मी मामांचा दंड धरूनच ठेवला होता. झरीच्या पुढं उतरून थोडं चालल्यावर घर आलं. पत्र्याचं घर, अंगणात लिंबाखाली लोखंडी बाज, बाजेवर एक बुटके, रुंद खांद्यांचे म्हातारे, शेजारी काठी. सून बाहेर आली आणि म्हणाली, “मामंजीला ऐकू येत न्हाई. बोलून फायदा न्हाई.” मामा अंगणाच्या तोंडाशीच थबकले होते. दगडूमामांनी त्यांना बघितलं आणि बघतच राहिले. शेवटी मीच पुढं होऊन प्रिंट त्यांच्या हातात दिले.

त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, हिरव्या टोपीचा माणूस बघितला आणि भुवया उंचावून मामांकडे पाहिलं. तेव्हा मामांचे हात वर आले. पालथा हात थोपटत खाली, खाली, हळू. मूठ. टेकलं. दगडूमामांना ते लख्ख कळत होतं. कान गेले तरी हे बोलणं कानांचं नव्हतंच कधी. पालथ्या हाताचं थोपटणं लांबत चाललं तसे ते हसायला लागले. मग इंधन संपलं हे सांगायला मामांनी जी खूण केली ती इंजिनाला हँडल मारायची होती. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो हवेतच राहिला. दगडूमामांचं हसू थांबलं होतं.

ती खूण दोघांनाही एकाच दिवशी घेऊन गेली होती. मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुढची खूण त्यांना सुचेना. मी काठावरची, पण मलाही काही सुचेना.

दगडूमामांनी बोट वर केलं आणि फिरवलं. घे वर.

मामांनी घेतलं. लहान फेरा, मोठा फेरा, तोंडाला तोंड, हात काढून घेतले, सगळं सांगितलं. संपल्यावर दगडूमामांनी कागद बाजूला ठेवले. मग काठी टेकवून अर्धवट उठले, बाजेच्या लोखंडी खुरावर हातानं दोन थापा मारल्या, आणि बाजेवर सरकून जागा केली.

त्यानंतर मामा चार महिने होते. सेंटरात यायचे, चहा प्यायचे. खेळ पुन्हा काही त्यांनी लावला नाही. मी विचारलं की म्हणायचे, खाली कुनी न्हाई आता. एका सकाळी झोपेतच गेले. मामी म्हणाल्या, गादी नीट होती. पण मला मामा शेवटचे आठवतात ते त्या रविवारचे. ते तिथंच मुक्कामाला राहणार होते आणि मला चारची गाडी गाठायची होती. वळणावरून मी मागं बघितलं. लिंबाखाली चहाचे दोन कप होते, बाजेवर दोन म्हातारे हातवारे करत होते. मामांच्या दोन्ही चपला बाजेखाली होत्या आणि मामा मांडी घालून बसले होते.